वरच्या खोलीतली पांढरी भुकटी

दहशतवादी ओळखावा तर तिनंच! शाळेत ‘सावध नागरिक’ या विषयावर पाऊण तासाचं भाषण ऐकून आल्यापासून घरचे तिला ‘गुप्तहेर’ म्हणत, आणि तिला तो टोमणा मुळीच वाटत नसे!

शोध लागायला तीन दिवस पुरले. वरच्या खोलीतला नवा भाडेकरू! कुणाशी बोलणं नाही. पडदे कायम बंद. पिशव्यांच्या पिशव्या भरून पांढरी भुकटी वर जाते, नाकाला झोंबणारा वास जिन्यावरून खाली येतो आणि पडद्याआड एक निळी ज्योत जळत राहते.

“अगं, जरा अबोल आहे बिचारा,” आई म्हणाली.

“अबोल असतात तेच, आई! घरात बसून बॉम्ब करणारे काय ढोल वाजवत येतात?”

आई हसली. बाबा हसले नाहीत. घर त्यांचं होतं ना! “पोलिसांचं लचांड मागे लागायच्या आत रविवारी बाहेर काढतो त्याला! पण आधी खात्री करू.”

दुपारी भाडेकरू बाहेर पडला, तसे बाबा आणि ती जादा किल्ली घेऊन वर गेले. दार कण्हल्यासारखं उघडलं. आत भरदुपारी काळोख. पायाखाली काहीतरी कचकचलं. तिनं मोबाईलचा उजेड टाकला आणि अंगावर सर्रकन काटा आला!

फळीवरून कुणीतरी तिच्याकडे बघून हसत होतं. एक नव्हे, चांगले तीसजण! चेहरे नाहीत, डोळे नाहीत, नुसते जबडे!

“क... कवळ्या आहेत गं. ती भुकटी साच्यांसाठी!” बाबा पुटपुटले.

शेवटच्या कवळीला चिठ्ठी होती. तिच्यावर दंतवैद्याचा शिक्का, आणि खाली चक्क बाबांचं नाव! ‘माझा एक दात हलेल तर शपथ!’ असं पाहुण्यांपुढे मिरवणारे बाबा!

“तिला हात लावू नका. अजून कच्ची आहे.”

दारात भाडेकरू उभा होता. केव्हापासून, कुणास ठाऊक!

बाबांनी झटकन तोंडावर हात धरला. “आम्ही आपलं... पाणी गळतंय का बघायला... कुणाजवळ बोलू नका हं! तुम्ही हवं तितके दिवस राहा! जन्मभर राहा!”

“नको,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “मी आजच जागा सोडतोय. तेच सांगायला अर्ध्या वाटेतून परतलो. रोज माझ्या दाराबाहेर कुणीतरी उभं असतं. श्वास ऐकू येतो. काल तर किल्लीच्या भोकातून डोळा दिसला! मालक, तुमच्या घरात लेक आहे, जपा तिला. इथं कुणीतरी भयंकर राहतंय!”

बाबांनी सावकाश मान वळवली.

गुप्तहेर छताच्या पंख्याची पाती मोजत होती. तीनच होती, पण तिला बराच वेळ लागला.