शलमोनरावांची शिफारस

मुलाखतीला आलेले उमेदवार एकमेकांच्या बुटांकडे बघतात, घड्याळाकडे बघतात आणि शेजारच्याची आतमध्ये बोबडी वळावी अशी मनातून इच्छा करतात. आमचे शेजारी शलमोनराव त्या शेजारच्याला नाव विचारतात, घरी कोण कोण असतं ते विचारतात आणि मग डोळे मिटून, ही नोकरी त्याला मिळावी म्हणून प्रार्थना करतात. बहुधा ती त्याला मिळतेही.

शलमोनराव चिंचवडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. बाहेरचा माल स्वस्तात येऊ लागला, कारखान्याला कुलूप लागलं आणि पन्नाशीला टेकलेले शलमोनराव धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात टाय बांधायला शिकू लागले. शिकवणारा मी. मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे, देवाधर्माच्या भानगडीत पडत नाही आणि चहा पोटात गेल्याशिवाय कुणाशी बोलत नाही. तरी हा गृहस्थ भल्या सकाळी दारात उभा.

"सबनीस, काल नाही म्हणाले."

"मग?"

"कंपनीचं बरोबर आहे हो. मलाच स्वतःला तपासायला पाहिजे."

हे त्यांचं पालुपद. नकार आला की आपण कंपनीला शिव्या घालतो, फार तर वशिल्याला. शलमोनरावांच्या मते नकार थेट वरून येतो, कंपनी फक्त कळवते. एकदा त्यांनी निष्कर्ष काढला की गर्व नडला, नवा टाय फार मिरवला. पुढच्या मुलाखतीला टाय खिशात. तिथेही नकार. तेव्हा उलगडा झाला की टाय खिशात ठेवण्याच्या नम्रतेचाही त्यांना गर्व झाला होता. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई नर्स आहेत आणि घर त्यांच्या पगारावर चालतं. त्या मला म्हणाल्या, "सबनीसभाऊ, यांना सांगा, मन तपासून झालं असेल तर जरा इंग्रजीही तपासा."

एका मुलाखतीत मुलीच्या वयाच्या बाईंनी त्यांना विचारलं, तुमच्यातले दोष सांगा. या प्रश्नाला 'मी कामात फार गुंतून जातो' असं उत्तर द्यायचं असतं. मी ते त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. पण यांना वाटलं, इतक्या आस्थेनं आजवर चर्चच्या पाळकसाहेबांनीसुद्धा चौकशी केलेली नाही. यांनी सांगितलं. जेवायला उशीर झाला की येणारा राग, मेहुण्याच्या नव्या गाडीवरून होणारा जळफळाट, रविवारच्या उपदेशात लागणारी डुलकी. बाईंनी थांबवलं तेव्हा हे तरुणपणापर्यंत पोचले होते.

"मग काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काहीच नाही. मीच म्हटलं, आता तुम्ही सांगा."

दरम्यान त्यांची कीर्ती पसरली. हिंजवडीच्या हॉस्टेलांतली पोरं रविवारी धायरीत येऊ लागली. "अंकल, उद्या माझा एचआर राउंड आहे, प्लीज बघा ना जरा." नागपूरच्या एकाला नोकरी लागली आणि त्यानं संत्रा बर्फी आणून दिली. ती वाटत हे बेकार शलमोनराव आमच्या दारात आले. चेहरा असा, की पोरगा यांचाच. माझं डोकं फिरलं, पण बर्फी खाल्ली.

मग आमच्याच कंपनीत ट्रान्सपोर्ट सुपरवायझरची जागा निघाली. बसगाड्या वेळेवर सोडायच्या आणि ड्रायव्हरांचं ऐकून घ्यायचं. हे काम शलमोनरावांचंच होतं. शेवटच्या फेरीत ते आणि आणखी एकजण, एवढेच उरले. मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो आणि गेटपाशी बजावलं, "आज कृपा करून दुसऱ्यासाठी काही मागू नका. मागायचंच असेल तर स्वतःसाठी मागा."

ते हसले नाहीत.

"स्वतःसाठी मी मागत नाही, सबनीस. एकदा मागितलं होतं. कारखान्यातून पहिली माणसं कमी केली तेव्हा. म्हटलं, प्रभू, माझं नाव नको. माझं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या मोरेचं होतं. त्याची पोरं लहान होती हो."

"अहो, त्यात तुमचा काय दोष?"

"ते मी तपासतोय अजून."

आणि ते आत गेले. काचेतून मला रिसेप्शन दिसत होतं. सोफ्यावर एक सडपातळ तरुण फाइल घट्ट धरून बसला होता. शलमोनराव त्याच्या शेजारी बसले, काहीतरी विचारलं आणि त्यांनी डोळे मिटले.

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी चिडलो. साऱ्या पोरांसाठी मागणारा हा माणूस, आणि याच्यासाठी मागायला कुणी नाही! चर्चमध्ये कुणासाठी प्रार्थना करायची ते सांगायची वेळ येते तेव्हाही हा दुसऱ्यांचीच नावं सांगतो, हे सुशीलाबाईंकडून मला ठाऊक होतं. मी पार्किंगमध्ये एका खांबाआड गेलो आणि डोळे मिटले. रीत माहीत नव्हती. म्हणून त्यांचं पूर्ण नाव सांगितलं, फ्लॅट नंबर सांगितला, कोणत्या जागेसाठी आलेत तेही सांगितलं. घोटाळा नको. मग त्या तरुणाची फाइल आठवली. म्हटलं, त्यालाही लागू दे. पण दुसरीकडे.

संध्याकाळी शलमोनराव गेटपाशी आले ते टाय सैल करतच.

"सोमवारपासून या म्हणाले."

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे त्या पोराला नाही. घरी आई आजारी आहे त्याची. सबनीस, मी याही वेळी..."

"तुम्ही कुठे मागितलं होतं? मी मागितलं," मी स्कूटरला किक मारत म्हणालो. "आणि त्या पोराचंही बोललोय. बसा आता."

ते मागे बसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि धायरी येईपर्यंत तो काढला नाही.