पायऱ्यांवर बोलायचं नाही

ब्लेड गावच्या तळ्यातल्या बेटावर नवऱ्यानं नवरीला उचलून चर्चच्या पायऱ्या चढायच्या आणि वर पोचेपर्यंत नवरीनं चकार शब्द काढायचा नाही, म्हणजे संसार सुखाचा होतो. मिलोयकानं लग्नाच्या दिवशी निम्म्या वाटेवरच तोंड उघडलं होतं. "अहो, बुटाची नाडी सुटलीय," एवढंच ती म्हणाली. म्हणाली नसती तर दोघंही गडगडत तळ्यात गेली असती. पण ते कोण लक्षात घेतो!

तेव्हापासून द्राक्षमळ्यावर गारा पडोत, छप्पर गळो की लेकाची नोकरी सुटो, थोरली नणंद आल्बिना उसासा टाकायची, "पायऱ्यांवर बोललं की असंच व्हायचं." मिलोयका हसण्यावारी न्यायची. लागायचं मात्र खोलवर.

यंदा आमच्या प्तुय गावच्या पेन्शनर मंडळाची सहल निघाली. सकाळी ब्लेड, दुपारी गुहा, संध्याकाळी पिरानला समुद्रकाठी मासे. होडीतून बेटावर उतरताच मिलोयका नवऱ्यापुढे उभी राहिली.

"उचला मला."

"अगं, आता? माझी कंबर..." यर्नेय चाचरला.

"कंबर रात्री चोळून देईन. वन्सं, तुम्ही साक्षीला चला."

"हिच्यानं होतंय होय गप्प बसणं!" आल्बिना म्हणाली. "प्तुयपासून बसमध्ये हिची टकळी चालू आहे."

यर्नेयनं उचललं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. थोडं चढल्यावर मिलोयकाच्या खांद्यावरची पिशवी उघडली आणि पहाटे तळलेली मांसाची श्निट्झेलं एकेक करून पायऱ्या उतरू लागली. खाली बदकं वाटच बघत होती. मिलोयकाचे डोळे विस्फारले, ओठ मात्र घट्ट. मग तिला यर्नेयच्या बुटाची नाडी दिसली. सुटलेली! तिनं त्याचा कान ओढला.

"अगं, लोक बघतायत," तो लाजला.

तिनं जोरात ओढला. यर्नेय थांबला. घरात हिचा आवाज पहाटेपासून चुलीवरच्या किटलीसारखा चालू असायचा. तो कधी नीट ऐकायचा नाही, पण नसला की त्याला चैन पडायचं नाही. आता हातातली बायको लालबुंद झाली होती आणि बोलत नव्हती.

"मिलोयका? चक्कर येतेय का? बोल ना गं!"

तिनं 'नाही' म्हणून नुसती मान हलवली. त्याचा धीर सुटला. त्यानं तिला तिथंच पायरीवर बसवलं, टोपीनं वारा घालू लागला आणि बघता बघता रडायलाच लागला. "खड्ड्यात गेला तो संसार सुखाचा. काहीही बोल, शिव्या घाल, पण बोल!"

मागून आल्बिना धापा टाकत आली. "मोडलंस ना यर्नेय! मध्येच खाली ठेवलंस!"

मिलोयका बोलली. श्निट्झेलं, बदकं, नाडी, कंबर, सगळं एका दमात, वर पोचायच्या आधीच. यर्नेय डोळे पुसत ऐकत होता.

गुहेच्या वाटेवर बस बंद पडली. पाऊस भुरभुरत होता, गुहेची वेळ टळली होती आणि खायला काही नव्हतं. आल्बिनानं सवयीनं उसासा टाकला, "पायऱ्यांवर..." आणि तिथंच अडखळली.

"बोला ना वन्सं," मिलोयका म्हणाली. "ह्या खेपेला मी गप्प होते."

सगळी बस यर्नेयकडे बघू लागली.

"माझ्यामुळंच," तो म्हणाला आणि बायकोकडे सरकून बसला. "हं, तू सांग. बदकांचं काय म्हणत होतीस?"