मिशनच्या देवाची ओटी

हरणाबाई खण, नारळ आणि तांदळाची पिशवी घेऊन मिशनच्या देवळात शिरल्या, तेव्हा पाळक शमुवेल रणपिसे खिडकीच्या काचा पुसत होते. शेजारच्या मिशन दवाखान्यात हरणाबाईंची सून मरणाच्या दारातून परतली होती आणि नातू सुखरूप होता. अडलेल्या सुनेच्या उशाशी बसून त्यांनी इथल्याच देवीला ओटी बोलली होती. नवस फिटल्याशिवाय बारसं करायचं नाही, हा त्यांचा हट्ट. आणि बाळाचा बाप सयाजी संध्याकाळी लोणंदला गाडी धरून पलटणीत परतणार होता. लढाई चालू होती. पोराला एकदा नावानं हाक मारल्याशिवाय त्याला कसं जाऊ द्यायचं?

"देवी कुठं हाय, पाळकबाबा?"

"मावशी, इथं देवी नाही. आमचा देव बाप आहे."

हरणाबाई हसल्या. "बाप? मंग सारी रात बाळंतणीपाशी कोण बसलं? आमच्यातला बाप गोठ्यात जाऊन बिड्या वढतो."

दाराबाहेर उभ्या सयाजीनं हातातली बिडी हळूच विझवली.

पाळकबाबा भला माणूस, पण त्यांना सगळं खरं सांगायची खोड. "तसं बघितलं तर देव पुरुषही नाही आणि बाईही नाही. त्याला देहच नाही. शास्त्रात तो आईसारखी माया करतो असंही सांगितलंय." आईचं नाव त्यांनी काढायला नको होतं, पण ते बोलून बसले होते.

"मंग आईच म्हणा की," म्हणत हरणाबाईंनी प्रवचनाच्या उतरत्या मेजावर खण पसरला आणि वर नारळ ठेवला. तो गडगडत गेला तो थेट, नुकतेच आत आलेले ख्रिस्ती मंडळीचे पंच लालासाहेब यांच्या पायाशी.

"देवाला खण?" लालासाहेब तापले. "बाप त्यो बाप. त्याला चोळी शिवताय व्हय?"

"देहच नाही, तर मापाचा प्रश्न येत नाही," पाळकबाबांच्या तोंडून निघून गेलं. लालासाहेबांनी कपाळाला हात लावला.

हरणाबाई मात्र खालीच बसल्या. "देह न्हाई, तर वटी भरू कुठं? माझं पोरगं बिननावाचंच ऱ्हातंय बघा." पाळकबाबांना फार वाईट वाटलं.

"मावशी, त्या रात्री देवानं तुमच्या सुनेपाशी धोंडुबाईंना बसवलं होतं. त्यांची ओटी भरा."

दवाखान्यातल्या सुईण धोंडुबाई हाकेसरशी आल्या, आणि कारण कळताच दारातच थबकल्या. "माझी नगं. मालक जाऊन लय वरसं झाली." त्या ख्रिस्ती झाल्या त्याला जमाना लोटला होता, पण ही रीत त्यांच्याबरोबर देवळातही आली होती.

हरणाबाईंनी नारळ उचलून हातात घेतला. मग पाळकबाबांकडे वळल्या. "तुमच्या देवाला नवरा हाय?"

"नाही, मावशी."

"कवा व्हता?"

"कधीच नव्हता."

"मंग त्याची वटी भराया मी निघाले ते चाललं, आन् हिची का न्हाई? बस गं बाई."

धोंडुबाईंनी पदर पसरला. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. सांडलेले तांदूळ लालासाहेबांनीच गोळा करून दिले. दवाखान्याच्या पायरीवर घाईघाईनं बारसं झालं, आणि सयाजी "केरबा, केरबा" करत पोराला हातातून सोडेना.

सगळे पांगल्यावर लालासाहेब धोंडुबाईंपाशी रेंगाळले.

"आमच्या सुनंचे बी दिवस भरत आलेत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "खण कंच्या रंगाचा आवडंल?"

कुणाला, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.