डाव्याला ताप नाही

हाती घेतलेली वस्तू मी दुरुस्त केल्याशिवाय सोडत नाही. आमच्या घरातल्या इस्त्रीला विचारा, मिक्सरला विचारा. दारावरच्या बेलला मात्र विचारू नका. ती अजून अधूनमधून आपली आपणच वाजते.

त्यामुळे सासऱ्यांचा ॲम्प्लिफायर बंद पडल्यावर तो माझ्याकडे येणार, हे मी धरूनच चाललो होतो. सासऱ्यांनी तीस वर्षं सभा-समारंभांना लाऊडस्पीकर पुरवले. हा ॲम्प्लिफायर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला. आता हात थरथरतात म्हणून ते म्हणाले, दुकानात टाका. मी हो म्हटलं आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर टाकला. लग्नाला बारा वर्षं झाली, पण या माणसाच्या तोंडून माझ्याबद्दल एक चांगला शब्द निघालेला नाही. तो या वेळी काढायचाच होता. रविवारी ते न्यायला येणार होते.

आतले दोन मोठे ट्रान्झिस्टर जळले होते, एक डावा आणि एक उजवा. मी दोन्ही बदलले. मंगळवारी आवाजही आला! पण पुस्तकात लिहिलं होतं, की दोन्ही सारखेच तापले पाहिजेत. एक जास्त तापला तर तो लवकरच पुन्हा जळणार. मी बोट लावून पाहिलं. उजवा चांगलाच गरम, डावा गार.

बोटावर विसंबणं काही शास्त्रीय नव्हे. मी औषधांच्या खणातून ताप मोजायचा थर्मामीटर काढला. डावा अठ्ठ्याण्णव, उजवा एकशे पाच.

मग मी डावा काढून उजवीकडे लावला आणि उजवा डावीकडे. तरी उजवीकडचाच तापला. नवी जोडी आणली. उजवीकडचाच तापला. आजूबाजूचे बारीकसारीक भाग बदलले, तेव्हाही तेच. सोल्डरिंग करून करून माझा हात इतका दुखायला लागला, की शेवटी बायको म्हणाली, सरका, डावीकडचं मी करते. लहानपणी वडिलांच्या हाताखाली तिने हेच केलं होतं. मी मोठ्या मनाने सरकलो.

शुक्रवारी संध्याकाळी मागची वायर नीट दिसेना, म्हणून मी ॲम्प्लिफायर टेबलावर फिरवून त्याची पाठ माझ्याकडे केली. पंधरा मिनिटांनी पाहतो तर डावा तापलेला आणि उजवा गार. दोष जागा बदलत होता. असा दोष पुस्तकात नव्हता.

हे सगळे आकडे मी एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवत होतो. तो कागद आईने वाचला. वर तारीख, शेजारी थर्मामीटर, आणि खाली माझ्याच अक्षरात: 'सकाळी उजवा १०५, डावा ९८. संध्याकाळी डावा १०५, उजवा ९८. काही कळत नाही.' आईने मला काही विचारलं नाही. तिने थेट व्याह्यांना फोन लावला आणि सांगितलं, की जावयाच्या अर्ध्याच अंगात ताप आहे, सकाळी उजवीकडे होता, आता डावीकडे सरकलाय.

शनिवारी सकाळीच सासरे दारात हजर. बेल वाजली तेव्हा मला वाटलं, नेहमीसारखी आपली आपणच वाजतेय. त्यांनी फळांची पिशवी माझ्या हातात दिली, दोन्ही तळवे माझ्या दोन्ही गालांवर ठेवले आणि बराच वेळ अंदाज घेतला.

"दोन्ही सारखेच आहेत," ते म्हणाले.

मग त्यांना टेबल दिसलं. त्यांचा ॲम्प्लिफायर पोट उघडून पडला होता. माझी बारा वर्षांची आशा तिथेच संपली. मी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं, सरकत्या दोषासकट.

सासऱ्यांनी ॲम्प्लिफायरला हातही लावला नाही. ते डावीकडच्या फडताळापाशी गेले आणि तिथला टेबल फॅन बंद केला.

"आता मोजा."

पंधरा मिनिटांनी मोजलं. दोन्ही एकशे सहा.

"सोल्डरच्या धुराने खोकला येत होता, म्हणून मीच मंगळवारी लावला," बायको म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला दिसतोय."

दिसत होता की. कागद उडू नयेत म्हणून चार दिवस मी त्यांच्यावर पक्कड ठेवत होतो.

सासऱ्यांनी चष्मा लावला आणि आतले जोड एकेक करून न्याहाळले. उजव्याचे जोड पाहताना ते काहीच बोलले नाहीत. डाव्यापाशी आल्यावर मात्र थांबले.

"हे जोड सुरेख झालेत. इतका स्वच्छ हात हल्ली दुकानातही बघायला मिळत नाही."

बारा वर्षांनी! मी बायकोकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

"सरावाने जमतं, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, चष्मा काढून खिशात ठेवला, मला दिलेली फळांची पिशवी उचलली आणि मुलीला दिली.