चौऱ्याऐंशी–एकोणीसचं प्रकरण

मनोहरराव लांजेवार कुणालाही आपलं नाव तोंडाने सांगत नसत, कार्ड देत. कार्डावर ठसठशीत अक्षरांत होतं: 'मनोहरराव लांजेवार, रहस्यभेदक, निष्कर्षतज्ज्ञ, माजी वसतिगृह अधीक्षक.' मागच्या बाजूला एकच ओळ: 'मला सगळं दिसतं.' छापताना मोबाइल नंबर टाकायचा राहून गेला होता, पण ज्याला खरी गरज आहे तो शोधत येतोच, असं त्यांचं म्हणणं होतं. आजवर कुणी शोधत आलं नव्हतं. विदर्भात आपल्यासारखी नजर दुसरी नाही, हे ते इतक्या तत्परतेने सांगत, की दुसऱ्या कुणाला ते म्हणायची संधीच मिळत नसे.

कॉलेजच्या वसतिगृहातून बारा बादल्या गेल्या, तेव्हा त्यांनी तीन वर्षं तपास केला. स्वयंपाकी, दूधवाला आणि भूगोलाचे एक प्राध्यापक अशा तिघांची झोप उडवली. बादल्या शेवटी त्यांच्याच गच्चीवर सापडल्या. लांजेवारकाकूंनी त्यांत मोगरा लावला होता. मनोहरराव या प्रकरणाला 'बादल्यांचा यशस्वी तपास' म्हणत, कारण बादल्या सापडल्या तर होत्याच.

कामिनी ठवकर हे सगळं बारा वर्षं ऐकत आली होती. ती त्याच कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. प्राचार्यांनी या वेळच्या चौकशीचं काम मनोहररावांना दिलं, म्हणजे मनोहररावांनी ते मागून घेतलं, आणि अक्षर चांगलं असल्याच्या गुन्ह्यासाठी कामिनीला त्यांच्यासोबत लेखनिक म्हणून बसवण्यात आलं.

प्रकरण तसं मोठं होतं. कॉलेजचा मुलींचा बास्केटबॉल संघ गेल्या शनिवारी रामटेकला जाऊन चौऱ्याऐंशी विरुद्ध एकोणीस असा हरून आला होता. सोबत समर्थक मंडळाचे चाळीस लोक एक बस, दोन ढोल आणि गुलालाचं एक पोतं घेऊन गेले होते. गुलाल उधळायची संधी काही आली नाही. पोतं परत आणताना बसमध्ये फुटलं, त्यामुळे हरलेला संघ आणि त्याचे समर्थक नागपुरात उतरले ते मिरवणुकीतून आल्यासारखे गुलाबी होऊन. रस्त्यावरच्या दोघातिघांनी अभिनंदनही केलं.

त्या रात्रीपासून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला उसंत नव्हती. सकाळी 'आपल्या वाघिणी' लिहिणाऱ्यांनी संध्याकाळी 'यांच्यापेक्षा आमच्या मोहल्ल्यातल्या काकू बऱ्या' असं लिहिलं. एकाने मॅचच्या आधीच आपल्याला हे माहीत होतं असं सांगितलं, पण ते त्याने मॅचनंतर सांगितलं. दुसऱ्याने आयुष्यभर बास्केटबॉल पाहणार नाही अशी शपथ घेतली. तो याआधी एकदाच पाहायला आला होता, बसमध्ये जागा होती म्हणून. रविवारी दुपारपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं, की इतकं कुणी आपोआप हरत नाही. कुणीतरी मॅच विकली. आणि सोमवारी नाव ठरलं: दीप्ती हटवार.

दीप्ती संघाची कप्तान. तिची मावशी रामटेकला राहते, एवढा पुरावा ग्रुपला पुरला.

कामिनीला याचा संताप आला होता. दीप्ती कुहीहून पहाटेच्या एसटीने यायची, सहा वाजता कॉलेजात हजर असायची. तिचा बॉल प्रयोगशाळेच्या कपाटात ॲसिडच्या बाटल्यांशेजारी राहायचा आणि तो घेताना ती रोज "मॅडम, येऊ का?" असं विचारायची. बॉल घेऊन ती पुढे कुठे जाते, हे मात्र कामिनीने कधी पाहिलं नव्हतं. विद्यापीठाच्या संघाच्या निवड चाचणीसाठी कॉलेजकडून तीन नावं जायची होती. त्यांत पहिलं दीप्तीचं होतं. तिचं हे शेवटचं वर्ष, पुन्हा संधी नाही. यादी आज, बुधवारी, पाच वाजेपर्यंत पाठवायची होती आणि प्राचार्यांनी ती मनोहररावांच्या अहवालासाठी थांबवून धरली होती. अहवालात दीप्ती दोषी निघाली की नावावर काट.

चौकशीला मनोहररावांनी जागा निवडली ती मैदानावरच्या मंडपातली. हा मंडप सत्काराचा होता. ऑगस्टमध्ये संघाने एक सामना जिंकला होता आणि समर्थक मंडळाने त्याच आठवड्यात भव्य सत्कार जाहीर केला. सपाट सिमेंटची जागा कॉलेजात एवढीच, म्हणून मंडप तिथे पडला. मग मुख्य पाहुण्यांची तारीख मिळेना. ते दिल्लीला गेले, मग मुंबईला, मग त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. सत्कार समितीचे अध्यक्ष मनोहरराव स्वतःच होते आणि पाहुण्यांशिवाय सत्कार करणं त्यांना असभ्यपणाचं वाटत होतं. दोन महिने मंडप उभा होता, बाकी काही नाही तरी बसायला सावली होती.

"सिद्धान्त पहिला," एका लोखंडी खांबाला पाठ टेकून, सत्कारमूर्तीसाठी आणलेल्या लाल मखमली खुर्चीत बसलेले मनोहरराव म्हणाले. "रामटेकची बास्केट उंच होती. लिहा, कामिनीबाई."

"तुम्ही सोमवारी जाऊन मोजून आले ना सर? बरोबर निघाली होती."

"बरोबर निघाली, हेच संशयास्पद आहे. गुन्हेगार पुरावा नीट करून ठेवतो. सिद्धान्त दुसरा. पाणी."

"पाणी तर आपल्याच कॅन्टीनमधून भरून नेलं होतं."

"मग कॅन्टीनवाला. लिहा."

कामिनीने लिहिलं. तिसरा सिद्धान्त करणीचा होता. त्याला आधार म्हणून रामटेकच्या कोर्टच्या कडेला सापडलेलं लिंबू जोडलेलं होतं. ते लिंबू आपलंच, उन्हासाठी सरबत करायला नेलेल्या पिशवीतून पडलेलं, असं मंडळाचा सचिव गौरांग तीनदा सांगून चुकला होता. चौथ्या सिद्धान्तात रेफरीच्या मिशा आल्या. तो कामिनीला कळला नाही आणि मनोहररावांच्याही हातून अर्ध्यावरच निसटला.

"आणि आता मुख्य पुरावा," ते म्हणाले. "गौरांग, लाव."

गौरांगने मोबाइल पुढे धरला. मोबाइल कव्हरचं दुकान चालवणारा हा माणूस मंडळात सगळ्यांत जास्त ओरडायचा. "काका, मी तर पहिलेच बोललो होतो. आता तुम्हीच पाहून घ्या. अपनी आँखों से."

व्हिडिओ तीन मिनिटांचा होता. रामटेकचं कोर्ट, वर उघडं आभाळ. दीप्ती बॉल घेऊन धावतेय. पुढे कुणीच नाही, रस्ता अगदी मोकळा. आणि कोर्टच्या मध्याशी येताच ती अचानक डावीकडे वळसा घेते, जसं वाटेत कुणी उभं आहे. तेवढ्या वेळात रामटेकची मुलगी येऊन बॉल काढून घेते. पुन्हा दीप्ती, पुन्हा तोच वळसा, त्याच जागी, आणि थोडं पुढे गेल्यावर आणखी एक. मग बॉल बास्केटखाली पोचतो, वर फेकायची वेळ येते आणि कुणी वर फेकतच नाही. सगळ्या जणी वाकून, कमरेच्या उंचीवरून एकमेकींना पास देत राहतात. बॉल वर जायला घाबरतो आहे असं वाटावं.

हे दिसायला खरंच वाईट होतं.

"खुणा!" मनोहरराव खुर्चीतून अर्धे उठले. "तो वळसा म्हणजे खूण. 'ये, बॉल घे.' आणि वर न फेकणं म्हणजे ठरलेला सौदा. मला सगळं दिसतं, कामिनीबाई. बोलवा तिला."

दीप्ती आली. डोळे सुजलेले होते, पण मान ताठ होती.

"तुझी मावशी रामटेकला राहते. हो की नाही?"

"हो, पण सर..."

"फक्त हो किंवा नाही. तिच्याकडे जेवलीस?"

"हो. वरण-भात. सर, मले एक सांगाचं आहे..."

"कोर्टच्या मध्यावर कुणीही नसताना वळसा घेतलास?"

दीप्ती म्हणाली, "घेतला. मले बी थे घरी येऊन व्हिडिओ पाहिल्यावरच दिसलं. आपोआप होऊन राहिलं होतं सर. पाय तितं गेले की वळतच होते."

"आपोआप!" मनोहररावांनी गौरांगकडे पाहिलं, गौरांगने आभाळाकडे, म्हणजे मंडपाच्या कापडाकडे पाहिलं. "कामिनीबाई, लिहा. आरोपीने कबुली दिली."

"कबुली कुठी दिली सर तिनं?" कामिनीचा आवाज चढला. बारा वर्षांत पहिल्यांदा. "पोरगी रोज पहाटी दोन तास येते. विकणारी पोरगी अशी येते काय?"

"भावना बाजूला ठेवा. साडेचार झालेत."

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि देवराव आत शिरले. देवरावांचं बिछायत केंद्र होतं. मंडप, खुर्च्या, सतरंज्या, सगळं त्यांचं. त्यांचा चेहरा कातावलेला होता.

"साहेब, माहा मंडप सोडा आता. परवा कन्हानले लग्न आहे, दोनशे खुर्च्याचं. तुमचा पाहुणा काई येऊन नाई राहिला. मी आज घेऊनच जातो."

"चौकशी चालू आहे," मनोहरराव म्हणाले. "पुराव्याच्या जागेला हात लावायचा नाही."

"काहून? काय पुरावा आहे इतं?"

गौरांगला श्रोता हवाच होता. त्याने मोबाइल देवरावांच्या पुढे धरला. "पाहा ना काका, कशी बिकली आपली कप्तान. सामने कोई नहीं, तरी बी वळून राहिली."

देवरावांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. एकदा पाहिलं. पुन्हा लाव म्हणाले. मग मोबाइल हातात घेऊन ते मंडपात मध्यापर्यंत चालत गेले, थांबले आणि हसायलाच लागले.

"अरे बाप्पा! हा तं माहा खांब होय!"

"कुठला खांब? तिथे खांब नाही," मनोहरराव म्हणाले.

"तितं नाई, इतं आहे ना! तुमी ज्याले टेकून बसले थोच. तीस वर्स झाले साहेब मले, पंधरा फुटावर एक खांब टाकतो, झोपेत बी टाकीन. पाहा, पोरगी इतं वळली, मंग पंधरा फूट गेली, मंग तितं वळली." देवराव व्हिडिओत पाहत तसेच वळत चालून दाखवू लागले आणि बरोबर एकेका खांबाला वळसा घालत गेले. "आन बॉल वरतं कसा फेकन थे? माहं कापड अकरा फुटावर आहे. फेकला का कापडाले लागते. माह्या कापडाले चार भोकं पडले, मी म्हणलं उंदरं असतीन!" मग ते दीप्तीकडे वळले. "काहून वं पोरी, तुमी इतंच खेळत होत्या काय?"

"मंग कुठी खेळन काका?" दीप्तीचा बांध फुटला. "दोन महिने झाले. रोज खांबं चुकवून चुकवूनच खेळून राहिलो. वर फेकला का बॉल कापडात अडकते, मंग बांबूनं काढा लागते. तीन अर्ज दिले मंडप काढासाठी. ह्या सरायच्याच सत्कार कमेटीले."

समर्थक मंडळाला सामने माहीत होते, घोषणा माहीत होत्या, गुलालाचा भाव माहीत होता. सराव ही गोष्ट पोरी घरी वगैरे करत असतील, असा त्यांचा समज होता. पहाटे सहाला मैदानावर आलेला समर्थक आजवर कुणी पाहिलेला नव्हता.

कामिनीने मनोहररावांची फाइल स्वतःकडे ओढली. 'सत्कार समिती, आवक' असं लिहिलेल्या कप्प्यात तिन्ही पाकिटं होती, चिकटवलेली, न उघडलेली. तिने एक फोडून मोठ्याने वाचलं. दीप्तीच्या अक्षरात चार ओळी होत्या, शेवटी 'आपली नम्र'.

मनोहररावांनी घसा साफ केला. "मला पहिल्यापासून वाटत होतं, की गुन्हेगार या मंडपाच्या आतच आहे."

"हो सर," कामिनी म्हणाली. "खुर्चीतच आहे."

"मग लिहा. 'अज्ञात व्यक्तींच्या अनवधानाने...'"

कामिनीने लिहिलं, पण तिच्या मनाने. 'सत्कार समितीचे अध्यक्ष श्री. मनोहरराव लांजेवार यांनी सरावाच्या कोर्टवर दोन महिने मंडप उभा ठेवला. संघाला खांब चुकवण्याचा आणि बॉल वर न फेकण्याचा सराव झाला. संघ सरावाप्रमाणे खेळला. कुमारी दीप्ती हटवार निर्दोष.' कागद तिने पुढे सरकवला. मनोहरराव स्वतःचं लेखन वाचत नसत, त्याची त्यांना गरज वाटत नसे. त्यांनी झोकदार सही केली, खाली दोन रेघा ओढल्या.

कामिनी अक्षरशः पळत ऑफिसात गेली. पाचला सात मिनिटं होती. प्राचार्यांनी अहवाल दोनदा वाचला, एकदा खिडकीतून मंडपाकडे पाहिलं आणि तीन नावांची यादी तिच्यासमोर विद्यापीठाला पाठवली. पहिलं नाव जागेवर होतं.

ती परतली तेव्हा देवरावांच्या माणसांनी कापड उतरवलं होतं, खांब टेम्पोत चढत होते. संघातल्या मुली कोर्टवर आल्या होत्या. मधोमध फक्त ती लाल खुर्ची उरली होती आणि खुर्चीत मनोहरराव होते. गौरांग त्यांच्याशेजारी उभा राहून ग्रुपवरचे मेसेज वाचून दाखवत होता.

"काका, सगळे खुश आहेत. 'आपल्या वाघिणी' पुन्हा चालू झालं. अन् तुम्ही केस सोडवली म्हणून मंडळ तुमचा सत्कार करणार म्हणते. इथेच, भव्य."

"नको रे," मनोहरराव लाजले. "अगदी साधाच करा."

"गेलं ना नाव?" दीप्तीने कामिनीला दुरूनच विचारलं. कामिनीने मान हलवली. दीप्तीने तळहाताने डोळे पुसले, बॉल उचलला आणि थेट लाल खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, उठा. आमाले खेळाचं आहे."

मनोहरराव उठले. खुर्ची कुणीतरी उचलेल म्हणून त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. गौरांग मोबाइलमध्ये होता, देवरावांची माणसं टेम्पोत. कामिनीकडे पाहिलं, तर ती चपला काढून कडेला ठेवत होती, कारण दीप्तीने तिच्याकडे बॉल फेकला होता. मग निष्कर्षतज्ज्ञांनी ती मखमली खुर्ची स्वतःच उचलली आणि धापा टाकत मैदानाबाहेर नेऊन ठेवली.