जुनं कार्ड नष्ट केलं, साक्षीदार हजर

माजी सैनिकांच्या सवलतींबद्दल काही विचारायचं असेल ना, तर ऑफिसात खेटे घालू नका. सरळ माझ्या गॅलरीत या! दवाखान्याचं कार्ड कसं काढायचं, हयातीचा दाखला कधी द्यायचा, बायकोचं नाव कागदपत्रांत कसं चढवायचं, सगळं तोंडपाठ! लष्कराच्या भांडारात सव्वीस वर्षं काढलीत, गंमत नाही. गॅलरीतल्या टेबलावर मी पाटीच लावली आहे, 'माहिती मोफत'. तिच्याखाली आमच्या हिनं, डोळे चांगले होते तेव्हा, खडूनं लिहून ठेवलंय, 'चहाचं आधी विचारा'.

हल्ली तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. तीन महिन्यांची नात मांडीवर, आणि हिला दिसायचं काय, तर धुकं!

"अहो, नाक कुणावर गेलंय हो तिचं?" ती विचारायची.

"माझ्यावर. हुबेहूब!"

"अरे देवा," असं म्हणून ती नातीला आणखी जवळ घ्यायची. मला हसू यायचं, पण वाईटही वाटायचं.

शेवटी ऑपरेशनची तारीख मिळाली. डोळ्यांचे सर्जन आमच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात महिन्यातून एकदाच येतात. सकाळी अकराला हिचा नंबर. चुकला तर पुढच्या महिन्यापर्यंत पुन्हा धुकं! आणि ऐन वेळी अडायला नको म्हणून, हिच्या दहा वर्षं जुन्या कार्डाऐवजी मी नवं कार्डही मागवून घेतलं. पोहोच कळवायला ऑफिसात फोन केला. पलीकडच्या माणसाला ऐकू येईना, म्हणून नवा नंबर पाच वेळा ओरडून सांगितला. कवायतीच्या मैदानावरचा आवाज आहे माझा, कमी होत नाही.

आता भांडाराचा नियम ऐका. नवी वस्तू आली की जुनी साक्षीदारासमोर कापायची, नोंदवहीत लिहायचं, साक्षीदाराची सही घ्यायची. नाहीतर जुनी वस्तू फिरून कुणाच्या हाती लागेल, सांगता येत नाही! म्हणून आदल्या संध्याकाळी मी दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली आणि कात्री घेतली.

"अगं, इकडे बघ. जुनं कार्ड कापतोय."

"मला कुठलं काय दिसतंय?"

"तुला दिसायची गरज नाही. तू साक्षीदार आहेस!"

कच्‌, कच्‌! चार तुकडे. नोंदवहीत जुना नंबर लिहिला. तो दहा वर्षं पाठ आहे, कार्डाकडे बघायचंय कशाला? तिचा हात धरून सही घेतली आणि खबरदारी म्हणून चार तुकडे कचऱ्याच्या चार डब्यांत टाकले. एक आमच्या, एक शेजारच्या नौदलवाल्यांच्या, एक लिफ्टजवळच्या आणि एक फाटकाजवळच्या.

सकाळी साडेनऊला दवाखान्याच्या काउंटरवर मी ऐटीत कार्ड सरकवलं. काउंटरवरच्या बाईंनी ते यंत्राला लावलं, पुन्हा लावलं.

"काका, हे जुनं आहे. रद्द झालंय."

"शक्यच नाही! जुनं मी स्वतः कापलंय!"

"मग नवं कापलंत." इतक्या शांतपणे कुणी बोलू नये. "नवं घेऊन या, नाहीतर..."

ते 'नाहीतर' ऐकायला मी थांबलोच नाही. दहा वर्षं दर रविवारी पुसून मीच ते जुनं कार्ड इतकं चकचकीत ठेवलं होतं, की तेच नवं वाटलं! हिला बाकावर बसवलं, "जागची हलू नकोस" असा हुकूम सोडला आणि रिक्षा पकडली.

आमच्या डब्यातला तुकडा चहाच्या चोथ्यात सापडला. नौदलवाल्यांची बेल दाबली.

"तुमचा कचरा हवाय!"

"सुप्रभात," ते म्हणाले. "लष्कराचं रेशन संपलं वाटतं?"

टोमणा गिळला आणि त्यांचा डबा अख्खा त्यांच्याच पायपुसण्यावर ओतला. दुसरा तुकडा मिळाला, तिसरा लिफ्टजवळ. खाली पोचतो तो फाटकाचा डबा रिकामा, आणि कचऱ्याची गाडी वळणावर!

"थांबा!" मी ओरडलो. गाडीच काय, रस्त्यावरच्या दोन सायकलीही थांबल्या.

"काय हरवलं, आजोबा? सोनं?" सफाईवाल्या ताईंनी विचारलं.

"बायकोचं कार्ड! मीच कापून टाकलं!"

"मग आता कशाला हवंय?"

मी गाडीत चढलो. ताई भल्या, त्याही चढल्या. कोपरापर्यंत हात घालून आम्ही पाऊण तास शोधलं. चौथा तुकडा एका फाटक्या चपलेला चिकटलेला होता! घरून खिशात टाकलेल्या चिकटपट्टीनं तिथेच चारही तुकडे जोडले आणि निघालो. वाटेत घड्याळ बघवेना. बारा वाजायला दहा मिनिटं! माझ्या शहाणपणापायी हिचा महिना गेला, या विचारानं मला खरंच रडू येत होतं.

दवाखान्यात बाक रिकामा!

"बाई, कार्ड आणलंय! माझी बायको कुठे आहे?"

बाईंनी ओढणी नाकाला लावली. "ऑपरेशन झालं त्यांचं, छान झालं. काका, पूर्ण ऐकून तरी घ्यायचं! नवं कार्ड आणा, नाहीतर नंबर सांगा, असं म्हणत होते मी. काकूंनी सांगितला की घडाघडा."

मी मटकन बाकावर बसलो. इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आत ही पट्टी बांधून चहा पीत होती. "तुला नंबर कसा ठाऊक?"

"पाच वेळा ओरडलात! अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहे. आणि अहो, कसला वास येतोय हा?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच पट्टी निघाली. नातीलाही सोबत नेलं होतं. नात मांडीवर आली. हिनं तिला उजेडात धरलं, कितीतरी वेळ बघितलं आणि डोळे भरून आले. मग एकदम माझ्याकडे वळली.

"अहो, हे नाक तर माझं आहे! तुम्हाला हुबेहूब तुमचं कुठून दिसलं?"

पट्टी काढणाऱ्या दवाखान्याच्या रोजच्या डॉक्टरांनी मान वर केली. "काका, जरा इकडे बसा बघू."

तर मंडळी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्या! पुढच्या महिन्यात माझा नंबर आहे. माहिती अजूनही मोफत आहे, जरूर या. फक्त कार्डाचं काही असेल तर आत हिला विचारा. माझं कार्ड तिच्या कपाटात आहे, कात्रीही.