हिरव्या गाडीचे मालक

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाला निघताना दातांच्या डॉक्टरांनी मेहुण्याचा कोट घातला, कारण त्यांच्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीनं जाळलेलं भलंमोठं भोक होतं आणि बाकीचे शर्ट दोरीवर ओले होते.

"कोटाला ओरखडा जरी आला ना, तर भाऊ माझं तोंड बघणार नाही," बायकोनं बजावलं.

सोबत दोन जुने मित्र होते, शाळेतले मास्तर आणि बेकरीवाले शेठ. वाटेभर तिघांची तोंडं चालू होती. पण मैदानाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तिघांची बोलती बंद झाली. हिरवळीवर गाड्याच गाड्या उभ्या होत्या. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं, एकीचा भोंगा तर सनईएवढा. शेठनी नकळत डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

सगळ्यात टोकाला एक गडद हिरवी गाडी होती. तिच्या रंगात ढग दिसत होते. मागचं दार उघडं होतं. डॉक्टर आत वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"अरे, नुसता वास घेऊन बघा," ते कुजबुजले. "चामड्याचा, लाकडाचा... आपल्या आजोबांच्या आधीच्या माणसांचा!"

"सरळ उभा राहा, फोटो काढतो," शेठ म्हणाले. "हे दार मध्ये येतंय." आणि त्यांनी दार लोटलं.

थप्प! काय तो आवाज! दागिन्यांची पेटी मिटावी तसा. तिघंही क्षणभर त्या आवाजातच गुंगले. मग डॉक्टरांनी पाऊल पुढे टाकलं आणि कोटानं त्यांना मागे खेचलं. कोटाचं टोक दारात अडकलं होतं. डॉक्टरांनी मूठ खाली दाबली, शेठनी दाबली, मास्तरांनी दाबली. दार ढिम्म.

"ओढू नका रे! फाटेल!"

"मग कोट काढून ठेव," मास्तर म्हणाले.

"आणि पाठीवरचं भोक? प्रदर्शनात मांडू?"

शेठ मालकाला शोधायला धावले. तेवढ्यात माणसं जमू लागली. गाडीला खेटून कोटात उभा असलेला माणूस मालकच असणार, यात कुणाला शंका नव्हती.

"मालक, सांगा की काहीतरी गाडीबद्दल," एक आजोबा म्हणाले.

"अहो, मी मालक नाही," डॉक्टर म्हणाले.

"किती विनयशील!" आजोबांनी बायकोला सांगितलं.

मास्तरांनी कोपरानं ढोसलं, "बोल काहीतरी, नाहीतर हटणार नाहीत."

डॉक्टरांना मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी मान वळवून गाडीच्या तोंडाकडे बोट केलं. "ही पुढची जाळी बघा," ते म्हणाले. "या वयात सगळे दात स्वतःचे! एकही कवळी नाही. आणि हे डोळे बघा, कसे शांत आहेत. आपण सगळे उद्या नसू, ही अशीच बघत असेल."

मागची माणसं टाचा उंचावून पाहू लागली. एका बाईंनी डोळे पुसले. बातमी पसरली, बाजूच्या लाल गाडीपुढची माणसंही इकडे आली आणि त्यांच्यामागून छातीवर बिल्ला लावलेले परीक्षक आले.

"वा, मालक! आता जरा इंजिन दाखवा."

इतक्यात शेठ एका बाईंना घेऊन आले. बाई ओशाळल्या होत्या. त्यांनी दाराची मूठ वर उचलली. दार अलगद उघडलं.

"वर?" डॉक्टर म्हणाले.

"वर," बाई हळूच म्हणाल्या. "मी त्या चहाच्या तंबूमागून सगळं बघत होते."

"मग आला का नाहीत?"

"गाडी सासऱ्यांची आहे. त्यांना ताप आला म्हणून ड्रायव्हरबरोबर मला पाठवलं, आणि तो गेला जेवायला. कुणी काही विचारलं तर काय सांगू, म्हणून तेव्हापासून लपले होते. तुम्ही अडकलात, छान बोलू लागलात... मला वाटलं, देवानंच माणूस धाडला!"

"इंजिन?" परीक्षकांनी आठवण करून दिली.

डॉक्टरांनी कोट तपासला. साधी सुरकुतीही नव्हती. आता निघून जायला हरकत नव्हती. पण ते बाईंबरोबर गाडीच्या पुढे गेले. दोघांनी चाचपडत एक कडी काढली आणि बॉनेटची एक बाजू पंखासारखी उचलली.

आत तांब्याच्या नळ्या आरशासारख्या लखलखत होत्या. सगळे वाकले. मास्तर, शेठ, आजोबा, परीक्षक, कुणी कुणाला ढकललं नाही.

बऱ्याच वेळानं परीक्षकांनी घसा खाकरला. "यातला कार्बुरेटर कुठला?"

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी बाईंकडे.

"सांगतो हो," डॉक्टर इंजिनावरची नजर न काढता म्हणाले. "आधी जरा बघू तर द्या."

परीक्षकांनी पेन खिशात ठेवलं आणि तेही बघत राहिले.